डबे उघडणाऱ्या बाई

बाई कुणाशीच गोड बोलत नसत, मुलांशीसुद्धा नाही. दौंडहून त्या आमच्या गावच्या बालवाडीत आल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आयांनी ठरवून टाकलं की ही बाई काही टिकत नाही. पण मुलं त्यांना सोडून घरी यायला तयार नसत. कुणाचं नाक वाहत असलं की बाई म्हणायच्या, "पूस आधी, मग गाणं म्हण." आणि घरी कुणाचं न ऐकणारं पोर नाक पुसून गाणं म्हणायचं.

सकाळी त्या दारातच स्टूल टाकून बसायच्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मुलाचा डबा उघडून वास घ्यायच्या. हे सगळं माझ्या मुलीपायी, ओवीपायी. शेंगदाणा पोटात गेला की तिचे ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. अगदी लहान असताना चिक्कीच्या तुकड्यानं तिला शिरूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं, आणि पुन्हा असं झालं तर वेळ मिळेलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आता आमच्याकडे कूट कशात नसतं ते सांगा. भाजीत कूट, आमटीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीतही कूट. मी बाईंना म्हटलं, डबा खाताना हिला वेगळं बसवा. त्या भडकल्याच. "वेगळं का म्हणून? पोरीनं काय गुन्हा केलाय? सगळ्यांचेच डबे बदलू."

आयांनी कुरकुर केली. कुटाशिवाय पोरांच्या अंगाला काय लागणार, असं त्यांचं म्हणणं. बाईंकडे उत्तर तयार. "अंडं उकडा. मुगाचं धिरडं करा. लाल भोपळ्याचे घारगे करा, दही-भाकरी द्या. चटणीच पाहिजे तर कारळ्याची करा. आन् दुकानातली कुरकुऱ्यांची पुडी दिसली, तर मी पुडीसकट पोराला घरी धाडीन." कुणाच्या डब्यात चुकून शेंगदाण्याची चटणी निघालीच, तर बाई तो डबा बंद करून वर फळीवर ठेवायच्या आणि त्या मुलाला स्वतःच्या डब्यातलं वाढायच्या. ओरडा मात्र आईला बसायचा, तोही भर रस्त्यात.

माझे सासरे, आबा, बालवाडीच्या कमिटीवर आहेत. गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही आणि घरात तर नाहीच. नातीला काय होतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दवाखान्यात तिला उचलून नेलं ते त्यांनीच. तरी गणपतीत, मंडळाच्या आरतीचा मान मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ते शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन बालवाडीत गेले आणि एकेका मुलाच्या हातावर लाडू ठेवत ओवीपाशी आले. मी तिला न्यायला आले होते, दारातच होते. मी ओरडले. आबा शांतपणे म्हणाले, "देवाचं हाय. परसादानं काय व्हत न्हाई."

ओवीनं लाडू तोंडापाशी नेला होता. बाईंनी तिच्या हातावर फटका मारला. लाडू फरशीवर पडून फुटला. तिचा हात त्यांनी तिथल्या तिथं साबणानं धुतला, बाकीच्या मुलांचे लाडू काढून घेतले, आणि मग आबांकडे वळल्या.

"परसाद पाडला तुम्ही," आबा म्हणाले.

"पाडला. परत आणला तर परत पाडीन."

संध्याकाळपर्यंत गावभर वेगळीच गोष्ट फिरली. शेंगदाणा त्यातून गळाला. ओवीही गळाली. उरलं ते एवढंच, की बाई बौद्ध, त्यांना आपला देव चालत नाही, म्हणून त्यांनी प्रसाद लाथाडला. लाथाडला! माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं मला येऊन सांगत होते हे लोक.

आमच्याच ओसरीवर कमिटी बसली. बाईंनी माफी मागायची, आणि आपल्या मनात तसं काही नव्हतं हे दाखवायला प्रसाद खायचा, असं ठरलं. बाईंनी ताटातला लाडू उचलला, तिथंच उभ्याउभ्या सगळा खाल्ला आणि पदराला बोटं पुसली. "चांगला झालाय. मला शेंगदाणे आवडत्यात. त्या पोरीला द्यायचा न्हाई, एवढंच माझं म्हणणं. माफी कशाची मागू?"

मी मध्ये बोलले. जे पाहिलं ते सगळं सांगितलं. आबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "सूनबाई, आत चहाचं बघा." माझा नवरा भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. बाईंना काढून टाकलं.

त्या निघाल्या त्या सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेले. भांडी पोत्यात भरणं चालू होतं. मला रडू आवरेना, तर त्याच चिडल्या. "रडून काय व्हणार हाय? घरात मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. कूट वाटून नुसतं विसळलं, तरी त्यात राहतं." मी पोतं धरलं, त्यांनी सुतळीनं तोंड बांधलं. स्टँडवर सोडायला येऊ का म्हटलं, तर नको म्हणाल्या.

नव्या बाई सगळ्यांशी गोड बोलतात. डबा उघडून बघत नाहीत, म्हणून मी ओवीला पाठवत नाही. घरात भांडं वेगळं केलं, परातही वेगळी केली. सासूबाई त्यावर दिवसभर बोलतात, मी ऐकून घेत नाही.

परवा कारेगावचे पाहुणे आले होते. ओवी आबांच्या मांडीवर बसलेली. गणपतीतली गोष्ट निघाली. आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "लई मोठं संकट व्हतं. पण देवानं राखली." पाहुण्यांनी हात जोडले.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाले, "देवानं नाही. बाईंनी राखली." कोण बाई, असं त्यांनी विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, तसं मी बाईंचं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.