नावाआधीचं ‘कै.’

शंकाताईंचं खरं नाव छापखान्यात कुणी घेत नसे. तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. कुणी चहा दिला तरी आधी हुंगून बघत. निवृत्त झाल्यावर भाचीने त्यांना आपल्या कामाला जुंपलं. भाची संगीतशिक्षिका. हक्क संपलेली जुनी स्वरलिपीची पुस्तकं स्कॅन करून ती संकेतस्थळावर ठेवायची, कुणीही फुकट उतरवून घ्यावीत म्हणून. अट एकच, रचनाकाराला जाऊन साठ वर्षं उलटलेली हवीत. ती खात्री शंकाताईंनी करायची.

एके दिवशी एका पुस्तकबांधणीवाल्याने व्हायोलिनच्या चाळीस धुनांची पुस्तिका आणून दिली. बदल्यात काही मागितलं नाही. तिथेच शंकाताईंच्या मनात पाल चुकचुकली.

“मावशी, यात काय बघायचंय? छपाई सत्तर वर्षांपूर्वीची आणि नावाआधी ‘कै.’ आहे. म्हणजे तेव्हाच गेलेले.”

“ते ‘कै.’ नीट बघ. नाव छपाईच्या खिळ्यांनी छापलंय, हे रबरी शिक्क्याने उमटवलंय. शाईसुद्धा जांभळट. कुणीतरी मागाहून मारलंय याला.”

बांधणीवाल्याला त्यांनी खोदून खोदून विचारलं. प्रकाशकाचं गोदाम रिकामं करताना मिळाली, ठेवायला जागा नव्हती, एवढंच तो सांगत राहिला. शंकाताईंना ते पटेना. शेवटच्या पानावर रचनाकाराचा पत्ता होता. त्या थेट तिथे गेल्या, मरणाची तारीख सांगणारं निदान कुणी भेटेल म्हणून.

दार साखळीपुरतं उघडलं. आत नव्वदी उलटलेली बाई. शंकाताईंनी पुस्तिकेवरचं नाव घेतलं.

“मीच ती. तुम्हाला कुणी धाडलं? प्रकाशकाच्या माणसांनी?”

शंकाताईंनी पुस्तिका फटीतून आत सरकवली.

म्हातारीने शिक्क्यावर बोट ठेवलं. “हे त्या प्रकाशकाचंच काम. बाविशीतल्या पोरीच्या धुना कोण घेणार, म्हणाला. मेलेल्या माणसाच्या खपतात. आडनावाआधी नुसती आद्याक्षरं छापलेली, बाई की बुवा तेही कळत नव्हतं. मी गप्प बसले.”

शंकाताईंनी ओळखपत्र मागितलं. म्हातारीनेही मागितलं. दोघींनी एकमेकींची ओळखपत्रं उजेडात धरून पाहिली, मग कुठे साखळी निघाली.

“संग्रहात घ्यायची तर आता तुमची लेखी परवानगी लागेल.”

“फुकट वाटणार? मग तुमच्या पदरात काय पडतं?”

“काही नाही.”

“कुणी काही नाही म्हणालं की मला भीती वाटते.”

“मलाही,” शंकाताई म्हणाल्या.

त्या दिवशी सही मिळाली नाही. भाची हळहळली, पण पुस्तिका बाजूला राहिली. तीन आठवड्यांनी म्हातारीचा निरोप आला. तोवर तिने शेजारणीकडून अख्खं संकेतस्थळ वाचून घेतलं होतं. छुपी अट कुठे सापडली नव्हती. शंकाताई घरी आल्यावर तिने सही केली आणि बजावलं, “बाराव्या धुनेत छापखान्याने एक स्वर चुकवलाय. तो आधी दुरुस्त करा.”

“मूळ हस्तलिखित बघितल्याशिवाय मी दुरुस्ती करत नाही.”

म्हातारी पहिल्यांदाच हसली आणि कपाटाची किल्ली शोधायला उठली.