माझ्या पाठीवरची स्वायत्त मज्जासंस्था

माझ्या पाठीवर माणसाची स्वायत्त मज्जासंस्था काढलेली आहे, आणि ती निघत न्हाई.

चूक माझीच. पोरगी सोनी जालन्यात नर्सिंगला. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाल्ती. परत झाली तर वर्ष वाया. फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी पुस्तक आपटून रडायलाच लागली, या नसा डोक्यात बसत न्हाईत म्हणून. मी बाप ना! म्हणालो, "माझ्या पाठीवर काढ, बराबर ध्यानात राहील." वरून पेनही मीच दिला. (मी बियाणे कंपनीच्या गोदामात आहे. पोत्यांवर नंबर टाकायचा पेन तो. पावसातही जात न्हाई, हे कौतुकानं मीच सांगितलं.)

बनियन काढून स्टुलावर बसलो. तिनं मणक्याच्या दोन्ही अंगाला गाठींच्या माळा काढल्या. छाती-कंबरेतून निघणाऱ्या नसा धावपळीच्या, मेंदूकडून आणि माकडहाडाकडून येणाऱ्या आरामाच्या. या नसा माणसाचं काहीच ऐकत न्हाईत म्हणे, आपलं आपलं चालवतात. म्हणजे आमच्या घरच्यांसारख्याच! माकडहाडापाशी मला गुदगुल्या झाल्या आणि एक नस सरळ बरगडीत घुसली.

बायको बघून म्हणाली, "मेंढरावर खूण केल्यावानी काय करून राह्यलेत?" मंग साबण, लिंबू, घासलेट, सगळं झालं. कातडी निघाली, नसा तिथंच.

दुसऱ्या दिवशी सोबत म्हणून कॉलेजात गेल्तो, बाहेर बाकावर बसलो. आत सोनीची वाचाच बसली. मॅडमनी तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "मला सगळं येतं मॅडम, पण ते बाबांच्या पाठीवर आहे. बाबा बाहेर बसलेत."

मला आत बोलावून शर्ट काढायला लावला. दारात नंबर लावून उभ्या असलेल्या साऱ्या पोरींसमोर! सोनी पाठीवर बोट ठेवून घडाघडा बोलत सुटली. मॅडमनी विचारलं, धावपळीच्या नसा चेतल्या की काय होतं? तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

"छाती धडधडते, घाम फुटतो, तोंड कोरडं पडतं, अंगावर काटा येतो."

मॅडमनी माझ्यावर तपासून घेतलं. चारही बराबर निघाली.

सोनी पास झाली. दोन मार्क तेवढे कापले, बरगडीत घुसलेल्या नसेचे. बाबा हलले म्हणून गेले, असं मायलेकी आल्यागेल्याला सांगतात, आणि पुरावा म्हणून मला बनियन वर करायला लावतात.