परण्याचा साधा ठेका

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा लग्नाच्या मुहूर्ताला मांडवावरून सरळ पुढं निघून गेला, आणि त्यात त्याची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती. हे मी आज कबूल करतो, कारण त्या दिवशी मला कबूल करायला कुणी वेळच दिला नाही.

आमचे गुंडामामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. कोल्हापूर संस्थान होतं तोवर ते सरकारी बँडात ड्रम वाजवायचे. संस्थान विलीन झालं, बँडातली नोकरी गेली, तेव्हा त्यांनी पाच-सहा जुने सोबती गोळा केले आणि लग्नाच्या मिरवणुकांत वाजवायला सुरुवात केली. मामांचा ड्रम गावभर नावाजलेला होता. का, ते मला कधी कळलं नाही. तड, तड, तड-तड, तड. एवढंच. मिरवणूक एक मैलाची असो नाहीतर चार मैलांची, मामा एवढंच वाजवायचे. चेहरा असा, की जणू पोस्टात उभे राहून पत्रांवर शिक्के मारताहेत.

मी तेव्हा एका कचेरीत नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. कचेरीतलं टेबल मला ड्रमसारखं दिसायचं. (हेडक्लार्कना ते टेबलासारखंच दिसायचं, त्यावरून आमचे मतभेद होते.) मामांच्या घरी जाऊन मी त्यांच्या काठ्या घ्यायचो आणि असा कडकडाट करायचो, की शेजारची शेळी दावं तोडायची.

एकदा मी विचारलं, "मामा, तीस वर्षं एकच वाजवताय. कंटाळा न्हाय येत?"

मामा म्हणाले, "तुझी आई रोज गोल भाकरी थापती. कधी म्हटलास व्हय तिला, आज तिकोनी थाप म्हणून?"

"पर मामा, त्यात कला कुठं हाय?"

"ती दिसली की संपली," मामा म्हणाले आणि काठ्या काढून घेतल्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला उत्तर सुचलं नाही.

अशात आक्काचं लग्न ठरलं. मुलगा कागलचा, दौलतराव. शांत माणूस, शेतीवाडी चांगली, आणि स्थळ आमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरचं. त्यामुळं शाळामास्तर असलेले आमचे वडील महिनाभर एकच वाक्य बोलत होते, "पावण्यांना बोट ठेवायला जागा मिळता कामा नये." मांडव शाहूपुरीत आमच्या दारात घातला होता. वऱ्हाड तीन गल्ल्या पलीकडं उतरलं होतं. तिथून नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीच्या देवळाला न्यायचं आणि वाजतगाजत मांडवात आणायचं, याला आमच्याकडं परण्या म्हणतात. परण्याला बँड अर्थातच मामांचा.

पण अडचण अशी, की लग्न लागताना नवरीच्या पाठीशी तिचा मामा उभा लागतो. मामा ड्रम वाजवत रस्त्यात असतील तर आक्काच्या पाठीशी कोण? दुसरा मामा नव्हता. दुसरा ड्रम वाजवणाराही नव्हता. मी मात्र होतो, आणि आठ दिवस मामांच्या मागं लागून मी ते त्यांना पटवलं.

लग्नादिवशी सकाळी मामांनी स्वतःच्या हातानं ड्रमचा पट्टा माझ्या गळ्यात घातला.

"बाळ्या, बारा वीसचा मुहूर्त हाय. वाट अर्ध्या तासाची. साधा ठेका धरायचा. काय धरायचा?"

"साधा ठेका."

"मधी काय घालायचं न्हाय. उठाव न्हाय, कडकडाट न्हाय. तुझ्या ठेक्यावर माणसं पाय टाकणार हायत. म्हातारी माणसं हायत त्यात. कळलं?"

"कळलं की."

मला एवढंच कळलं होतं, की देवळाजवळच्या चहाच्या हॉटेलात माझे कचेरीतले चौघे मित्र बसणार आहेत.

सुरुवात चांगली झाली. पांढऱ्या घोड्यावर दौलतराव, डोक्याला मुंडावळ्या, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. लगाम धरून घोडेवाले हसनभाई. शेजारी नवरदेवाचे चुलते तात्या, हे वऱ्हाडातलं सगळ्यांत वजनदार माणूस, सगळ्या अर्थांनी. मी साधा ठेका धरला होता. मारुतीचं दर्शन झालं. परण्या परत फिरला. हॉटेल आलं. मित्र बाकावर उभे राहिले.

त्यातला एकजण ओरडला, "बाळ्या, झोपलास काय रं?"

आता मला सांगा, माणसानं किती सहन करायचं? मी काठ्या उचलल्या आणि एक लहानसा उठाव दिला. तर्रर्र-कड, तर्रर्र-कड, तडाड. घोड्यानं कान टवकारले. मग पुढचा उजवा पाय उचलला, डावा उचलला आणि दोन पावलं तो चक्क नाचला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांना वाटलं, ही मुलीकडच्यांनी केलेली खास व्यवस्था आहे. ते खूश होऊन म्हणाले, "वा पावणं, झ्याक. अजून एकदा होऊ द्या."

मला वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या कलेची कदर झाली. ती घोड्यानं केली, हा भाग वेगळा. मी दुसरा उठाव दिला, पहिल्यापेक्षा लांब. घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहिला. दौलतराव शेपटीकडं घसरले. त्यांनी एका हातानं घोड्याची आयाळ धरली आणि दुसरा हात हवेत गेला. त्या हातात कट्यार होती. कट्यारीवरचं लिंबू सुटलं आणि तात्यांच्या कपाळावर जाऊन बसलं.

मी घाबरून वाजवायचं थांबवलं. घोडाही थांबला. हसनभाईंनी लगाम ओढला, पाठीवर थाप मारली, कानात काहीतरी सांगितलं. घोडा जागचा हलेना.

मी विचारलं, "हसनभाई, ह्येला झालंय काय?"

"त्येला काय व्हतंय ड्रममास्तर? त्यो शिकलेला हाय. साध्या ठेक्यावर चालायचं, उठावाला नाचायचं, वाजाप थांबलं की थांबायचं. तुम्ही जे सांगितलं ते त्यानं केलं. न शिकलेलं कोण हाय ते तुम्ही बघा."

मागून कर्णेवाला ओरडला, "वाजीव की रं, आमचं गाणं मधीच लोंबकळाय लागलंय."

मी साधा ठेका धरायला गेलो. तर हाताला ते येईना. तड, तड, तड-तड, आणि चौथ्या ठिकाणी काठी आपली आपण थरथरायची. की घोडा नाचायचा. की मी थांबायचो. की घोडा थांबायचा. असं करत आम्ही दहा मिनिटांत चार घरं पुढं गेलो. दौलतरावांनी आता कट्यार तोंडात धरली होती आणि दोन्ही हातांनी घोड्याच्या गळ्याला मिठी मारली होती. तात्यांनी घड्याळ काढलं. बारा वाजून आठ मिनिटं झाली होती.

तात्या म्हणाले, "पावणं, मुहूर्त टळला तर दुसरा तीन महिन्यांनी हाय. हात उचला जरा."

तीन महिने ऐकल्यावर माझ्या डोळ्यांपुढं वडिलांचा चेहरा आला. आणि मी हात उचलला. ठेका साधा, पण दुप्पट गतीत. भीतीनं काठ्यांचं थरथरणं गेलं आणि त्याच भीतीनं गती वाढत गेली. घोडा भरभर चालायला लागला. त्याला गाठायला मी भरभर चालायला लागलो. मी भरभर चाललो की ड्रम मांडीवर आपटायचा आणि ठेका आणखी भरभर व्हायचा. थोड्या वेळानं घोडा दुडक्या चालीनं पळत होता, मी त्याच्या मागं पळत होतो, हसनभाई लगामाला लोंबकळत होते आणि कागलचं अख्खं वऱ्हाड धोतरं सावरत शाहूपुरीतून धावत होतं. कर्णेवाल्याचा दम गेला होता. तो नुसताच कर्णा हातात घेऊन पळत होता, चोरल्यासारखा.

समोर मांडव दिसला. मी ओरडलो, "हसनभाई, थांबू का?"

"थांबू नका," हसनभाई लटकल्या लटकल्या म्हणाले. "एकदम थांबलासा तर घोडं हितं ऱ्हाईल आन् नवरदेव फुडं जाईल. हळूहळू उतरवा."

हळूहळू उतरवायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. चढवायचं तेवढं येत होतं.

मांडवाच्या दारात आई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. शेजारी वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. त्यांनी जावयालाही हात जोडले. जावयानं तोंडातल्या कट्यारीसकट मान लववली आणि तो पुढं गेला. मग मी गेलो. आईकडं बघून हसायचा मी प्रयत्न केल्याचं आठवतं. मग तात्या गेले.

"अगं बया," मांडवातली एक बाई म्हणाली, "नवरा निघाला की परत."

आत आक्का पाटावर उभी होती. तिच्या पाठीशी गुंडामामा, नव्या फेट्यात. पुढचं मला आक्कानंच सांगितलं. ठेका दारावरून पुढं गेलेला मामांनी ऐकला, "आक्के, हालू नगंस," एवढं म्हणाले आणि फेट्यासकट रस्त्यावर धावले.

मामांनी मला गाठलं ते गल्लीच्या टोकाला. ओरडतील, असं मला वाटलं होतं. ते माझ्या पुढं आले, माझ्याकडं तोंड करून उलट्या पावलांनी पळत माझ्या उजव्या हातातली काठी त्यांनी काढून घेतली, मग डाव्या हातातली. मधला एक ठोकाही चुकला नाही. ड्रम माझ्याच गळ्यात होता. म्हणजे बँडातलं माझं काम आता खुंटीचं होतं.

आधी ते माझ्याइतक्याच गतीनं वाजवत राहिले, अगदी घोड्याच्या टापांवर. घोड्याला कळलंही नाही, की माणूस बदललाय. मग ठेका जरासा जड झाला. एवढासा. घोड्याची एक टाप उशिरा पडली. मामांनी ती टाप उचलली आणि पुढचा ठोका तिच्याजवळ ठेवला, हलक्या हातानं, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. तड, तड, तड-तड, तड. ड्रम माझ्या पोटावर टेकलेला होता आणि तीस वर्षांचा तो कंटाळवाणा ठेका मी पहिल्यांदा कानानं नाही, पोटानं ऐकला. त्यात एकही ठोका दुसऱ्यासारखा नव्हता. एक पाय उचलायला सांगणारा होता, एक टेकायला. माझे पाय आपोआप संथ पडायला लागले. मागं तात्यांचं धापा टाकणं थांबलं. घोडा चालायला लागला, वळला, मांडवाच्या दारात आला, आणि मामांनी शेवटचा ठोका इतका हळू दिला, की घोडा त्यावर जणू टेकून उभा राहिला.

मुहूर्ताला दोन मिनिटं होती. हसनभाईंनी दौलतरावांच्या तोंडातली कट्यार काढली. मामांनी काठ्या माझ्या कमरेत खोचल्या आणि धावत जाऊन ते आक्काच्या पाठीशी उभे राहिले. लग्न लागलं.

पंगतीत तात्या माझ्या समोर बसले होते, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. वडील वाढता वाढता त्यांच्यापाशी थांबले आणि त्यांनी न मागताच पानात आणखी एक लाडू ठेवला.

तात्या म्हणाले, "मास्तर, जेवण उत्तम. पोरगी गुणाची. मुलाला तेवढं कचेरीतच ठेवा."

पुढच्या रविवारी मी मामांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मामा, मला साधा ठेका शिकवा." मामांनी मला ओट्यावर बसवलं आणि स्वतः अंगणात चालायला लागले. मी वाजवायचं आणि त्यांनी त्यावर पाय टाकायचे. पाय अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या रविवारी त्यांना अंगण ओलांडायला सकाळ पुरली नाही. "तू घाई करतोस तवा मला म्हातारा करतोस," ते म्हणायचे, "आन् रेंगाळतोस तवा मेल्यालाच." दोन वर्षं हे चाललं. शेवटी एका रविवारी ते चालत अंगणातून रस्त्यावर गेले, कोपऱ्यावरून तंबाखू घेऊन परत आले आणि म्हणाले, "कोडोलीला लग्न हाय. चल."

कोडोलीच्या परण्यात मी सगळी वाट साधा ठेका वाजवला. उठाव नाही, कडकडाट नाही. एक हिरव्या लुगड्यातली मुलगी वाटभर बँडाच्या बाजूनं चालत होती आणि तिचं पाऊल माझ्या प्रत्येक ठोक्यावर पडत होतं. माझ्या वाजवण्यात ती पार बुडालेली आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. चौकशी केली, बोलणी झाली, सहा महिन्यांत आमचं लग्न लागलं.

एके दिवशी मी तिला सहज विचारलं, "कोडोलीच्या लग्नात बँडात ड्रम कसा वाटला गं?"

तिनं बराच विचार केला. "ड्रम होता व्हय त्यात? क्लॅरिनेटवाला आठवतोय बघा. कुरळ्या केसांचा. लई गोड वाजवत होता."

मी तसाच उठून मामांकडं गेलो आणि झालेला अपमान शब्दन् शब्द सांगितला. मामा ऐकता ऐकता सावरून बसले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. आत बघून ते मामीला म्हणाले, "अगं, च्या टाक. पोरगं तयार झालं."

तेव्हापासून माझ्या वाजवण्याबद्दल कुणी शंका काढली, की मी बायकोला साक्षीला बोलावतो. ती शपथेवर सांगते, की तिनं मला कधीही ऐकलेलं नाही.