वरच्या खोलीतली भाडेकरू

आमच्या घराला जिना बाहेरून आहे, आणि तो बाहेरून काढायची कल्पना माझी. गल्लीत कुणी अजूनही त्याचं कौतुक केलं की मी विषय बदलते. तेव्हा मात्र मला त्याचा लई अभिमान होता.

लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्या होत्या, वर पत्रे. प्लॉट गुंठेवारीतला, मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला. सासरे एका कंपनीत वॉचमन होते, त्यांनी पोटाला चिमटा घेऊन तो घेतला आणि सासूबाईंच्या नावावर केला. पुढं सासऱ्यांचं आजारपण निघालं. ते गेले आणि मागं पतसंस्थेचं कर्ज राहिलं, सासूबाईंचं सोनंही गहाण पडलं. माझा नवरा वाळूजला कंपनीत ऑपरेटर, पण कंत्राटावर. काम असलं की पगार, नसलं की घरी. दीर तेव्हा अकरावीत होता.

मी बी.कॉम. आहे. माहेर आणि सासर दोन्हीकडं कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण लग्नानंतर पहिलं वर्षभर मला घरात बसवून ठेवलं होतं आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायच्या, "सून लई शिकलेली हाय, आता तिच्या शिक्षणाचं लोणचं घालते." मग मी एका सुट्या भागांच्या कारखान्यात हिशेब विभागात लागले. पहिला पगार आला तसं लोणचं बंद झालं.

पतसंस्थेचं व्याज बघून माझं डोकं फिरलं होतं. आम्ही महिन्याला जे भरत होतो ते सगळं व्याजात जात होतं, मुद्दल जागचं हलत नव्हतं. मी कागद मांडून घरातल्यांना सांगितलं की आधी गुंठेवारी नियमित करून घेऊ, म्हणजे बँक कर्ज देईल. पगारपत्रक माझं, घर सासूबाईंचं, दोघींच्या सह्या. त्यातून पतसंस्था मिटवू, सोनं सोडवू, पत्रे काढून स्लॅब टाकू आणि वर एक खोली काढू. खोलीचं भाडं येईल, ते हप्त्यात जाईल. घर सुधारायचं आणि त्या सुधारणेलाच कर्ज फेडायला लावायचं. मला अजूनही वाटतं, हिशेबात कुठं चूक नव्हती.

वाद झाला तो जिन्यावरून. सासूबाईंना तो आतून हवा होता. बाहेरून जिना काढला की घरात परका माणूस आला, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्री म्हणाला, आतून घेतला तर बैठकीची खोली अर्धी खाईल. मी म्हटलं, आतून जिना असलेल्या खोलीला भाडेकरू मिळत नसतो. दोन दिवस चूल धुमसत राहिली, मग त्यांनी मान्य केलं. जिना बाहेरून झाला. वर खोली, छोटा ओटा, मोरी, संडास. पाणी वरच्या टाकीतून.

पहिले भाडेकरू वाळूजला जाणारी दोन पोरं होती. भाडं वेळेवर, गडबड काही नाही. मग कंपनीनं त्यांना दुसरीकडं हलवलं आणि खोली रिकामी पडली. पाटी लावली, लोक बघून गेले, कुणी ठरवलं नाही. तेच महिने नवऱ्याला काम नव्हतं. हप्ता माझ्या पगारातून गेला की उरलेल्यात दूध, पोरीच्या शाळेची रिक्षा आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी.

तेव्हा मला माझी माय आठवली.

माय देवगाव रंगारीला एकटी होती. वडील गेलेले, भाऊ पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत बायकापोरांसह. शेत ठोक्यानं दिलेलं, त्याचे वर्षाचे पैसे तिच्या हातात एकदम यायचे. गुडघे गेलेले. मला ती इथं हवी होती. पण माय जुन्या चालीची. लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. माझ्याकडं आली की फडक्यात स्वतःची भाकरी बांधून आणायची आणि बाहेरच्या पायरीवर बसून खायची. नात झाल्यावर आमच्याकडच्या बायका हे सोडतात. मायनं सोडलं नाही. फार आग्रह केला तर अर्धा कप चहा घ्यायची आणि जाताना नातीच्या मुठीत नोट कोंबायची.

मी तिला वर राहायला ये म्हटलं. ती म्हणाली, "लेकीच्या दारात फुकट पडू का?" मग मी म्हटलं, फुकट नको, भाडेकरू हो. जेवढं भाडं त्या पोरांकडून घेत होतो तेवढंच दे. तुझी चूल वेगळी, तुझा जिना वेगळा. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"तुमच्याकडं डिपॉझिट किती घेत्यात?"

मी हसले. मला वाटलं, सगळ्यांचं भलं होईल असं काहीतरी मी जुळवलं आहे.

मायनं डिपॉझिट सासूबाईंच्या हातात ठेवलं. त्या एकदा म्हणाल्या, ईहीनबाई, तुमच्याकडनं काय पैसे घ्यायचे. दुसऱ्यांदा म्हणाल्या नाहीत.

दर महिन्याला भाडं घेऊन माय खाली यायची. पैसे द्यायची, चहा नको म्हणायची आणि कठड्याला धरून वर जायची. सासूबाईंचं वर जाणं मात्र सुरू झालं. मायच्या हातची येसर आमटी त्यांना फार आवडायची. दुपारी वरच जेवायच्या, वाटी घेऊन खाली आणायच्या, "तुझ्या मायच्या हाताला चव हाय, तुला नाय आली," असं मला ऐकवायच्या. वरपक्षानं वर जेवायला आडकाठी नव्हती. ती चाल एकाच बाजूनं चालते.

शाळा सुटली की पोरगी आजीकडं. मी कामावरून येईपर्यंत तिचं खाणं, अभ्यास, वेणीफणी. त्याचे पैसे कुणी भाड्यातून वजा धरले नाहीत. मीसुद्धा नाही, आणि मी तर हिशेब विभागात होते.

पाणी यायच्या दिवशी मोटार चालू असताना आधी खालचे हौद-ड्रम भरायचे, मग वरची टाकी. कधी वरचं राहायचं. माय बादली घेऊन खाली यायची आणि सुजलेल्या गुडघ्यानं एकेक पायरी चढायची. माझा नवरा दिसला तर तो तिच्या हातातून बादली घ्यायचा. जावयाकडून काम करून घेतल्याचं तिला दिवसभर लागून राहायचं.

मी वेड्यासारखी कर्जाच्या मागं लागले होते. दिवाळीचा बोनस मुद्दलात. पगारवाढ झाली, ती मुद्दलात. साडी घेतली नाही, फिरायला गेलो नाही. फर्दापूरला नवऱ्याच्या मित्राचं हॉटेल आहे, तो दरवर्षी बोलवायचा, लेणी बघून जा म्हणायचा. इतक्या वर्षांत अजिंठा बघितला नाही, पण मुदतीच्या बऱ्याच आधी कर्ज फिटलं. बँकेतून घराचे कागद परत मिळाले तेव्हा सासूबाईंनी ते देवापुढं ठेवले आणि गल्लीत पेढे वाटले. मायनंही स्वतःच्या पैशाचे पाव किलो पेढे आणले. त्या रात्री मी पडल्या पडल्या मनात मांडत होते. हप्ता गेला, आता भाडं नको म्हणता येईल. मायला म्हणेन, कर्ज फिटलं, आता तू भाडेकरू नाहीस.

ते म्हणायला मला सवड मिळाली नाही.

दिराचं तोवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. त्याला बिडकीनकडचं स्थळ आलं. त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, हातात पैसा. मुलीच्या मावशीनं बसल्या बसल्या विचारलं, "पोराला वेगळी खोली हाय ना?" आजकाल हे सगळेच विचारतात, त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. सासूबाई त्यांना वर घेऊन गेल्या. मीही मागून गेले. मायनं सगळ्यांना पाणी दिलं. मावशीनं भिंतीला हात लावला, "कपाट इथं बसंल," म्हणाली. मायनं त्या भिंतीपुढची तिची ट्रंक पायानं हळूच बाजूला सारली. आमच्या सगळ्यांच्या आधी तिला कळलं.

सासूबाई माझ्याशी स्वयंपाकघरात बोलल्या. आवाज चढवला नाही. भांडी लावता लावता म्हणाल्या, महिन्याची मुदत देऊ, कुणालाही देतो तशी.

मी म्हटलं, "आत्या, माय आहे माझी."

"मग माय म्हणून आणायची होती," त्या म्हणाल्या. "भाडं मी लावलं का? तूच लावलंस. भाडेकरू म्हणून आणली, तुझ्याच तोंडचं हाय."

खोटं नव्हतं, म्हणूनच जिव्हारी लागलं. मी हप्त्यांचं बोलले, पगाराचं बोलले. त्या म्हणाल्या, घरात सून कमावते तेव्हा घरासाठीच कमावते, त्याची पावती फाडतात का. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, तुझ्या मायला खाली घेऊ, बैठकीत झोपतील. त्याच्या मनात चांगलंच होतं. पण आपल्या आईला 'हे चुकतंय' एवढं तो म्हणाला नाही, अजून म्हणालेला नाही.

मी वर गेले. मायनं भांडी पोत्यात भरायला घेतली होती. मी म्हटलं, खाली ये, माझ्याजवळ राहा, हे घर मी सोडवलं आहे. ती भांडी भरत राहिली.

"सोडवलंस. पण घर त्यायचं हाय. मी भाडं देत होते तवर माझी मान वर होती. खाली येऊन कुणाच्या तुकड्यावर बसू?"

"माझ्या."

"तू त्यायचीच की आता."

मला सासूबाईंपेक्षा तिचाच राग आला. पोत्याचं तोंड बांधायला मी मदत केली नाही. आमच्या रक्तातच हा ताठा आहे. मला तो कॉलेजात उपयोगी पडला, तिला कुठं पडला ते मला माहीत नाही.

जाताना डिपॉझिट परत दिलं. सासूबाईंनी त्यातून खोलीच्या रंगाचे आणि मोरीतल्या नळाचे पैसे कापले. मी बोलायला तोंड उघडलं तर मायनंच मला गप्प केलं, म्हणाली, रीतच हाय ती. देवगावला जाणाऱ्या टेम्पोत तिची ट्रंक, दोन पोती आणि शिवणाचं मशीन चढलं. माझी पोरगी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून रडत होती. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्यांचेही डोळे भरले. ते नाटक नव्हतं. मायबरोबर दुपारी जेवलेली बाई ती. पण रंगाचे पैसे त्यांनी परत केले नाहीत.

लग्न झालं. वर कपाट बसलं, एसी लागला. नवी जाऊ चांगली आहे, तिच्याशी माझं काही वाकडं नाही. वर आधी कोण राहत होतं याबद्दल तिला एवढंच सांगितलेलं आहे, की एक म्हातारी भाडेकरू होती.

पुढं सासूबाईंनी दारापुढच्या मोकळ्या जागेत गाळा काढायचं ठरवलं. दिराचं दुकान भाड्याच्या जागेत, ते घरी येईल, उद्या दुसऱ्याला भाड्यानं देता येईल. पुढचा विचार करावा लागतो, तूच म्हणतेस ना, असं मला म्हणाल्या. कल्पना वाईट नव्हती. वाळू आधीच येऊन पडली. राहिलं फक्त कर्ज, आणि कर्जाला लागणारं पगारपत्रक, म्हणजे मी.

मी म्हटलं, सही करते. पण माय परत येईल आणि खाली आपल्यात राहील. भाडं नाही. ताट आपल्या ताटाबरोबर. आणि तिला आणायला आत्या, तुम्ही जायचं.

मला वाटलं होतं भांडण होईल. त्या लगेच हो म्हणाल्या. लगेच. तेवढ्याच वेळात ठरलं, जेवढ्यात माय गेली पाहिजे हे ठरलं होतं. नवरा खूश झाला. सासूबाईंनी तर दोन दिवसांत जाऊ, चोळीबांगडी घेऊन जाऊ, असंही सांगितलं.

मी मायला फोन लावला. सगळं सांगितलं, सहीचंही सांगितलं, कारण तिच्यापासून लपवणं मला जमत नाही. तिच्या मागं कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मला सहीच्या बदल्यात आणू नको," ती म्हणाली. "तशी आले तर मी तुझ्याकडं डोळे वर करून बघू शकणार नाय."

मी सही केली नाही. सासूबाईंना हे कळत नाही. त्यांच्या मते त्यांनी अट मान्य केली, म्हणजे सही व्हायला हवी होती, आणि ईहीनबाई हट्टी निघाल्या त्यात त्यांचा काय दोष. नवराही एकदा म्हणाला, तुझी माय येत नाही तर गाळ्याचं कशाला अडवतेस. पूर्वी हप्त्याला जायचे तेवढे पैसे मी आता माझ्या एकटीच्या नावावर टाकते. कशासाठी ते ठरलेलं नाही. घरात कुणी विचारत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या शनिवारी कारखान्याला सुट्टी असते तेव्हा मी एसटीनं देवगावला जाते. गुडघ्याचं तेल, गोळ्या नेते. गोळ्यांचे पैसे ती मला मोजून देते आणि मी घेते. नाही घेतले तर ती गोळ्या खात नाही, हे मी करून बघितलं आहे.

वाळू दारापुढं तशीच पडली आहे. निम्मी पावसात गटारात गेली, उरलेल्या ढिगात गल्लीतली मांजरं घाण करतात. सासूबाई रोज सकाळी खराट्यानं तो ढीग पुन्हा गोळा करतात आणि माझ्याकडं बघत नाहीत. मी डबा घेते, साडीचा घोळ वर उचलते आणि कामावर जाते.