पोस्टरवरची होडी

मंडळी, सांगलीतल्या सायबर कॅफेतून लिहितोय. आज बायकोबरोबर दुपारच्या खेळाला गेलो होतो.

सिनेमा ती पोस्टर बघूनच निवडते. बंदूक दिसली की नापास. आजचं तिला लय आवडलं. वर नायिकेचा मोठा चेहरा, खाली चांदण्यातलं तळं आणि रिकामी होडी.

आत नुसती मारामारी. मध्यंतरात तिनं विचारलं, "आवं, होडी कवा यायची?"

सुटल्यावर पोस्टरच्या भिंतीजवळ जाऊन बघितलं. पोस्टर दोन कागद जोडून चिकटवलेलं. वरचा कागद नव्या सिनेमाचा होता, पण खालचा बदलायचाच राहिला होता. तळं मागच्या आठवड्यातल्या सिनेमाचं.

ती हसली नाही. म्हणाली, "पर वरची बाई बघतीया होडीकडंच."

घरापर्यंत त्या बाईचा आणि होडीचा सिनेमा तिनंच मनानं रचून मला सांगितला. फक्त होडीत कोण बसायचं, ते ठरलं नाही. तुम्हाला काय वाटतं?