विनायकरावांची भिंत

पांढुर्ण्याच्या जुन्या नाट्यगृहाची किल्ली चाळीस वर्षं श्रीधरकाकांच्या कमरेला आहे. पगार नाही की मान नाही. तरी रोज सकाळी कुलूप काढायचं, झाडायचं आणि चपला घालून आत शिरणाऱ्यावर खेकसायचं.

एकेकाळी इथे नटवर्य विनायकराव हिंगवे यायचे. त्यांच्या खेळाला तिगावहून बैलगाड्या जुंपून लोक येत. एकदा तोंड रंगवून झाल्यावर बोटांचा उरलेला लाल रंग त्यांनी रंगखोलीच्या भिंतीला पुसला आणि खाली काजळानं सही केली. दर दिवाळीला सगळीकडे चुना लागे, पण त्या भिंतीपुढे काका हात पसरून उभे राहत.

गेल्या वर्षी इमारत पाडून दुकानं काढायचं ठरलं. काकांनी भोपाळला पुरातत्त्व खात्याकडे अर्जांवर अर्ज केले. शेवटी पत्र आलं: साहेब येतील, विनायकरावांची खूण दिसली तर इमारत वाचेल. काका आनंदाने जामसांवलीला मारुतीचं दर्शन घ्यायला गेले.

पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे आधी पुताई, म्हणजे रंगरंगोटी, होते. मीच शहाणा पुढे झालो. पेंटर सागरला बजावलं, एक कोपराही सोडू नको, आणि बाहेर तोरणं बांधत बसलो.

काका परतले आणि रंगखोलीच्या दारातच थांबले. चारही भिंती गुलाबी, चकाचक.

"अमोल, भिंत कोठी गेली रे?"

सागर कौतुकानं म्हणाला, "लय दाग होते काकाजी. घासून पुट्टी भरली न् दोन हात मारले."

ओरडणारे काका ओरडलेच नाहीत. त्या भिंतीचं सागरला सांगायचं मीच विसरलो होतो; मला ते सोसवेना. मी खुरप्यानं खरवडायला घेतलं, तर रंगासोबत भिंतीच्या गिलाव्याचे पोपडेच हातात आले.

"राहू दे," काका म्हणाले. "तू थोडंच मुद्दाम केलं?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मी मोबाईलमधला त्या भिंतीचा जुना फोटो दाखवला, शपथ घेतली, अक्षरशः हात जोडले. भला माणूस होता. पण फोटोचं जतन करता येत नाही, म्हणाला. त्यानं पंचनामा लिहिला आणि देखरेख करणारे म्हणून काकांपुढे सहीला ठेवला.

काकांचा चष्मा ओला झाला होता. "वाचून दाखव," ते मला म्हणाले.

मी वाचलं, "इमारत स्वच्छ. जुनी कोणतीही खूण आढळली नाही."

खोटं लिहिलं असतं, तर काका साहेबाशीही भांडले असते. त्यांनी मुकाट्यानं सही केली.