न प्यायलेला काढा

जयप्रकाश हर्डीकरला नाही म्हणता येत नसे. नीउ-व्हेनेप गावात घर घेतलं त्याच आठवड्यात शेजारच्या डच म्हाताऱ्यानं कांदा लावलेला कच्चा हेरिंग मासा पुढं केला, तर जन्मभर शाकाहारी असलेल्या या माणसानं तो शेपटीला धरून गिळला आणि वर छान आहे म्हणाला. तेव्हापासून म्हातारा दर उन्हाळ्यात मासा घेऊन दारात उभा.

“भीड भिकेची बहीण असते रे,” नीरजा, त्याची बायको, म्हणे. “एकदा तरी नाही म्हण. मरत नाही कोणी.”

पंचेचाळिशीत त्याच्या बोटांतली ताकद जायला लागली. आधी शर्टाची बटणं, मग किल्ल्या. आजार स्नायूंचा, आणि इतका विरळा की मोठ्या कंपन्यांनी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांनीच लायडनला एक छोटी संस्था काढली होती. तिचं वर्ष ठरलेलं असे. वसंतात दारोदार डबे फिरवून वर्गणी, उन्हाळ्यात संशोधकांचे अर्ज, आणि ऑक्टोबरात एक मेळावा. त्यात शास्त्रज्ञ आणि रुग्ण एकाच टेबलावर वाटाण्याचं सूप पीत. कुठल्या संशोधनाला पैसे द्यायचे हे ठरवायला रुग्णही बसत. जयप्रकाश त्यांतला एक, आणि त्याच्या शेजारी बसायची ब्रेडा गावची आनेमीक. तिचं सायकलींचं दुकान होतं.

“तू सगळ्यांनाच दहापैकी आठ देतोस,” ती म्हणायची. “तुला दुकानात ठेवलं तर महिन्याभरात सायकली फुकट वाटून मोकळा होशील.”

वाखनिंगन विद्यापीठातल्या एका संशोधिकेला बुरशीत सापडलेलं द्रव्य या दोघांनीच उचलून धरलं होतं. वर्षामागून वर्षं संस्थेनं त्याला पैसा पुरवला. शेवटी त्याची गोळी झाली, आणि मोजक्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली तेव्हा दोघंही तिच्यात होते. मार्च आला तेव्हा जयप्रकाश स्वतःच्या शर्टाची बटणं लावत होता. आनेमीकनं फोन करून सांगितलं, “आज मी हातानं ब्रेक दाबला. सायकल थांबली, जयप्रकाश! मी मात्र रडतेय.”

नीरजाला वाटलं, गोळीला घरच्या गोष्टीची जोड हवी. सांगलीहून तिच्या मावशीनं गुळवेल पाठवली. रोज सकाळी नीरजा ती उकळून थर्मासमध्ये भरून देई. तो कडूजहर काढा जयप्रकाशनं पहिल्या दिवशी तोंडाला लावला आणि थुंकून टाकला. घरी मात्र म्हणाला, “बरा लागला.” मग काय, रोज स्टेशनवर सायकल लावली की तो शेजारच्या कालव्यात थर्मास उपडा करी. काळ्या पाण्यात काळा काढा मिसळे, आणि कुठूनसं एखादं बदक लगबगीनं येऊन निराश होऊन परत जाई.

इस्पितळातली नर्स दर खेपेला विचारायची, “दुसरं काही औषध घेता?” तो “नाही” म्हणे. ते खरंच होतं. शेजारी बसलेली नीरजाही मान हलवी, कारण काढा म्हणजे औषध असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आलं-गवती चहासारखं ते घरचं होतं.

ऑगस्टमध्ये त्याच्या अंगाला खाज सुटली. रात्रभर तो तळहात चादरीवर घासत राही. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे कितीतरी पट चढलेले. चाचणीच्या डॉक्टर, मार्लुस, समोर बसल्या आणि सावकाश बोलल्या.

“याला दुसरं कारण सापडलं नाही, तर दोष गोळीचा धरावा लागेल. मग चाचणी बंद. सगळ्यांसाठीच.”

नीरजाचा चेहरा उतरला. “गुळवेल,” ती म्हणाली. “मी देते ह्याला. रोज.”

मार्लुस पुढं झुकल्या. गुळवेलीनं यकृत बिघडल्याची उदाहरणं त्यांनी वाचली होती. त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव होता. “रोज पीत होतात?” त्यांनी जयप्रकाशला विचारलं.

नीरजाचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. त्याला आनेमीकची थांबलेली सायकल दिसली. या खोलीत सगळ्यांनाच एक ‘हो’ हवा होता. त्यालाही हवा होता. त्यानं मान डोलावली.

गाडीत नीरजा रडत होती. “माझ्या हातानं विष पाजलं मी तुला.”

“तसं नाही गं,” तो म्हणाला. पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं आणि गिळलं गेलं.

त्याची गोळी बंद झाली, बाकीच्यांची चालू राहिली. आठवड्यांमागून आठवडे गेले, आकडे हटवादीपणे वरच राहिले. काढ्याचा परिणाम कधीकधी रेंगाळतो, असं मार्लुस म्हणाल्या. बटणं पुन्हा नीरजा लावू लागली. लावताना ती त्याच्या डोळ्यांत बघत नसे.

ऑक्टोबरात मेळावा भरला. बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता. सपाट शेतांवर धुकं नुसतं बसून होतं. अध्यक्षांनी वर्षाचा आढावा घेतला: इतकी वर्गणी, इतके अर्ज, आणि येत्या वर्षी गोळी साठ रुग्णांना. मग ते नीरजाकडे वळले. “या बाई खरं बोलल्या म्हणून औषध वाचलं.” लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. नीरजा खाली मान घालून बसली होती.

जयप्रकाशच्या शेजारी आनेमीकही टाळ्या वाजवत होती. मग थांबून तिनं तळहात खुर्चीच्या कडेवर घासला. पुन्हा घासला.

“काय होतंय?” त्यानं विचारलं.

“काही नाही रे. दुकानातलं नवं ग्रीस, दुसरं काय.” ती त्याच्याकडे वळून हसली. दिव्याच्या उजेडात तिच्या डोळ्यांचं पांढरं पिवळट दिसत होतं.

“रक्त कधी तपासलं?”

“पुढच्या महिन्यात आहे. असा काय बघतोस? भूत दिसलं का?”

टाळ्या थांबल्या. लोक बसले. जयप्रकाश उभाच राहिला.

“मी काढा प्यायलो नाही,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “कधीच नाही. रोज ओतून देत होतो. जे झालं ते गोळीनंच झालं.”

कोणीतरी चमचा खाली ठेवला. अध्यक्षांच्या हातातले कागद तसेच राहिले.

“एकदाही नाही?” नीरजानं मराठीत विचारलं. त्या सभागृहात हे दोघांनाच कळत होतं.

“एकदाही नाही.”

“आणि मला रडू दिलंस.”

डॉक्टर मार्लुस खुर्च्यांमधून वाट काढत आल्या, पण जयप्रकाशसाठी नाही. त्या आनेमीकसमोर गुडघ्यावर बसल्या, मोबाईलचा दिवा लावला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “वर बघ जरा.”

आनेमीकनं वर बघितलं. “आजपासून गोळी घेऊ नकोस,” मार्लुस दिवा विझवत म्हणाल्या.